वरून तिसरा थर

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणतात.
आर्तिकचा दगड त्या म्हणीत बसत नाही.
खाणीतून ताजा काढला की नखानेही ओरखडा उठतो.
मग वारा लागतो, दोन-तीन हिवाळे लागतात,
आणि हळूहळू तो दगडासारखं वागायला शिकतो.

अर्पेनिक त्याला त्याच्या आधी गाठते.

गुलाबी, नारिंगी, विटकरी,
आणि एक काळा, जो ओला असेपर्यंत निळा असतो.
मी खलात कुटते, पिठाच्या चाळणीने चाळते.
(महिनाभर आमच्या पावात कचकच लागत होती.
घरात कुणी काही बोललं नाही.)
ती बलक घालते, थेंबभर जवसाचं तेल,
गवंड्याच्या थापीने कॅनव्हासवर ओढते,
वाळलं की खरवडते,
पुन्हा ओढते.

अरागात्स खिडकीत उभा असतो चार शिखरं घेऊन.
ती त्याच्याकडे पाठ करून काम करते.
"तो आत आला तर लोक त्यालाच बघत बसतील."
चित्रात डोंगर नाही, झाड नाही.
क्षितिज म्हणाल तर
ते पाच ठिकाणी आहे.

मोज्यांच्या बंद कारखान्यात प्रदर्शन भरलं.
यंत्रं उखडून नेल्याच्या खुणा जमिनीवर तशाच,
तेलाचे चौकोन.
येरेवानहून आलेले एक गृहस्थ
मफलर न सोडता म्हणाले, मौन.
पुढच्या चित्रापाशी म्हणाले, काळ.
त्यापुढच्या चित्रापाशी त्यांना फोन आला.

मेखाक दुपारी आला, बूट पुसून,
लग्नातला कोट घालून.
एकतीस वर्षं खाणीत करवत चालवली त्याने,
डाव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून सगळ्या जगाशी जरा तिरका उभा राहतो.
चित्रांसमोरही तसाच राहिला.
हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही.
हात लावू नये अशी पाटी होती,
त्याने हात लावला.

"इथे करवत अडकेल," म्हणाला.
"इथे पाणी मुरलंय.
हा चांगला, याची चौकट करा दाराची."
सातव्या चित्रापाशी थांबला बराच वेळ.
मग अर्पेनिककडे न बघता म्हणाला,
"वरून तिसरा थर उलटा आहे."

ती चिडली. चित्र आहे ते, म्हणाली, खाण नाही.
तो म्हणाला, "हो, हो,"
आणि चांगला कान तिच्याकडे करून
पुन्हा म्हणाला, "उलटा आहे."

रात्री आम्ही दोघींनी शिडी लावून
सातवं चित्र उतरवलं, फिरवलं, टांगलं.
कोपऱ्यातून चिमूटभर नारिंगी गळलं जमिनीवर.
ती लांब गेली. जवळ आली.
एक डोळा मिटून पाहिलं.
"आता बाकीचे चार उलटे झाले," म्हणाली,
आणि इतकी हसली
की शिडी धरलेला माझा हातही हलला.

दुसऱ्या दिवशी मेखाक पुन्हा आला, यावेळी साध्या कपड्यांत.
भिंतीकडे पाहिलंच नाही त्याने.
खिशातून रुमाल काढला, रुमालातून दगड,
अक्रोडाएवढा,
तुती खाऊन आलेल्या पोराच्या ओठांच्या रंगाचा.
ती रांग पाण्याखाली गेली, म्हणाला,
पंप बंद पडले त्या वर्षी.
वर तळं आहे आता. पोरं पोहतात.

हा रंग तिच्याकडे नव्हता.
आठ वर्षं शोधत होती, मला ठाऊक आहे,
किती पोती मी उगाच कुटली.

खल पुसला मी. चाळणी झटकली.
"घेऊ का कुटायला?"

तिने दगड उचलून जिभेला लावला,
मीठ बघावं तसा.
"थांब," म्हणाली.

तो अजून खिडकीत आहे,
अरागात्सच्या जरा डावीकडे.
नखाने ओरखडा उठतो का,
मी रोज पाहते.
काल उठला. आज कमी उठला.